दुपारी वाढणारी नदी

भर दुपारी, कसब्यातल्या गल्ल्या जेवून आडव्या झालेल्या असताना, कुठल्याशा बांधकामावर खडीचा ट्रक रिकामा होतो. आधी दोन-चार दगड घरंगळतात, मग अख्खा ढीग एकदम सुटतो, आणि दगडावर दगड घासल्याचा तो खोल, दाटलेला घडघडाट बंद खिडकीतून आत येतो. शेजारीपाजारी कूस बदलतात, ट्रकवाल्याच्या नावानं दोन शब्द पुटपुटतात आणि पुन्हा झोपी जातात. पुण्यात दुपारच्या झोपेपुढे कुणाचं काही चालत नाही. माझी झोप मात्र उडते ती उडतेच. तळहात गार पडतात, आणि क्षणभर मी राखेच्या रंगाच्या एका पाण्याच्या काठावर उभी असते. पलीकडच्या काठावर माझी थोरली बहीण असते.

पाण्याचा आवाज मला भीतिदायक वाटत नाही. त्याच्या खळखळाटात, लयीत, अगदी पुराच्या घोंघावण्यातही काहीतरी ओळखीचं असतं. त्या दुपारी मी ऐकला तो आवाज पाण्याचा नव्हता. पाण्याच्या पोटात, नजरेआड, मोठमोठे धोंडे एकमेकांवर आपटत वाहत चालले होते, त्यांचा तो आवाज होता. पायाखालची जमीन त्यानं बारीक थरथरत होती. नदी दगड वाहून नेते हे आपण शाळेत शिकतो; ते कानांनी ऐकायची वेळ किती जणांवर येते?

आणि शाळेत शिकवणारी तर माझी ताईच होती. विमलताईनं मुलींच्या शाळेत सारा जन्म भूगोल शिकवला. खडू आडवा धरून ती फळ्यावर एका दमात हिमालय काढायची: खाली शिवालिकच्या बुटक्या टेकड्या, त्यामागे मधली रांग, आणि सगळ्यांत वर, खडू दाबून, हिमाद्रीची पांढरीशुभ्र कड. हिमनदी काढताना तिचा हात इतका सावकाश चालायचा की मुलींना वाटे, बाई नुकत्याच तिकडून येऊन बसल्या आहेत. प्रत्यक्षात ताईनं बर्फ पाहिला होता तो मंडईजवळच्या सरबताच्या गाडीवर. दरवर्षी परीक्षेत तिचा एक आवडता प्रश्न असे. भौगोलिक कारणे द्या: हिमालयात उगम पावणाऱ्या नद्या बारमाही असतात. उत्तर दोन ओळींचं होतं, उन्हाळ्यात तिकडचा बर्फ वितळतो आणि नद्यांना पाणी मिळतं, आणि आमच्या भागातल्या मुलींच्या दोन पिढ्यांनी ते झोपेतही बिनचूक सांगितलं असतं. मीही त्याच शाळेत होते. मलाही पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

ताईनं लग्न केलं नाही. मी संसार केला, वैधव्यही पाहिलं, आणि मुलं आपापल्या वाटेला लागल्यावर पुन्हा तिच्याजवळ येऊन राहिले. मग रविवारी ती निघाली की मीही निघू लागले. सह्याद्रीत ती चालायची आणि मी तिच्या मागून यायचे, असंच म्हणायला हवं. आमच्याबरोबर असायचा शौकत, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारा. त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तो स्वतः खडकीला कारखान्यात नोकरीला होता आणि सुटीच्या दिवशी लोकांना गडांवर नेण्याचं वेड त्यानं लावून घेतलं होतं. ताईला तो मानायचा. ताई त्याला रागवायची, म्हणजे तीही त्याला मानायची.

डोंगरात हिंडणाऱ्या आमच्या मंडळींचा ओढ्याबाबत एक दंडक होता, आणि तो आम्ही सगळेच श्वास घ्यावा इतक्या सहज पाळत असू. ओढ्यापाशी आलं की आधी माथ्याकडे पाहायचं. वर आभाळ काळं असेल तर पाण्यात पाऊल घालायचं नाही, मग पाणी कितीही थोडं दिसो. वर उघडीप असेल तर खुशाल उतरायचं. उघडीप! पावसाळी प्रदेशात वाढलेल्या माणसाला या शब्दानं केवढा धीर येतो. ऊन पडलं म्हणजे संकट टळलं, वाट वाळली, ओढा उतरला. आमच्या हाडामांसात मुरलेलं शहाणपण ते हेच. त्या शहाणपणानं आम्हाला कधी दगा दिला नाही, कारण ते घेऊन आम्ही सह्याद्रीच्या बाहेर कधी गेलोच नव्हतो.

ताई निवृत्त झाली आणि म्हणाली, आता हिमालय. तिचं ठरलं म्हणजे ठरलं. चर्चेला जागा असायची ती फक्त कुठला स्वेटर घ्यायचा एवढ्यापुरती. ज्येष्ठात, पुणं आभाळाकडे डोळे लावून बसलेलं असताना, आम्ही गढवालात पोचलो. शौकत म्होरक्या, आम्ही दोघी, आणि आमच्याच वयाची, गुडघ्यांना पट्टे बांधलेली आणखी काही मंडळी.

काय वर्णावं ते पहिलं दर्शन! वळणावर गाडी थांबली आणि समोर जे ढग म्हणून पाहत होतो ते ढग नव्हतेच, हे कळायला अंमळ वेळ लागला. सह्याद्री हा वृद्ध डोंगर. त्याच्या पोटातला अग्नी केव्हाच विझला, त्याचे कडे झिजून झिजून जिथे थांबायचे तिथे थांबले, आणि त्याच्या रागालोभाचे महिने ठरलेले आहेत; चार महिने गर्जून घेतो आणि उरलेलं वर्ष गुमान बसतो. हिमालय मात्र, भूगोलाच्या हिशेबात, पोरसवदा. अजून वाढतो आहे, अजून त्याचे सांधे जुळायचे आहेत. तिथे उतार घसरतात, हिमनद्या सरकतात, काल असलेली वाट आज दरीत जाते, आणि दुरून जी निश्चल शुभ्रता आपण हात जोडून पाहतो, तिच्या अंगाखाली अहोरात्र काहीतरी तुटत, फुटत, वितळत असतं. शांत असतो तो फक्त कॅलेंडरवरचा हिमालय. ताई मला हे सगळं सांगत चालली होती आणि धाप लागली की वाक्य मध्येच सोडून शिखरांकडे पाहत होती.

भूर्जवृक्षांची शेवटची रांग मागे टाकून आम्ही एका रुंद खोऱ्यात तंबू ठोकले. एका बाजूला कुरण, त्यात बोटभर उंचीची पिवळी फुलं, आणि कुरणाच्या कडेनं एक नदी. नदी कसली, सकाळी पाहिली तेव्हा ओढाच वाटला. हिरवट, काचेसारखं पाणी, गुडघ्याएवढं, दगडांमधून वाट काढत चाललेलं. पलीकडे दगडधोंड्यांचा एक लांबलचक उंचवटा होता. हिमनदी मागे हटताना दगडांचा असा बांध टाकून जाते, त्याला हिमोढ म्हणतात, हे ताईनं फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! त्याच्या माथ्यावरून हिमनदीचं मुख दिसतं, असं कळल्यावर ती थांबते थोडीच? माझ्या टाचेला फोड आले होते, म्हणून मी राहिले. शौकत तिला हात धरून पलीकडे सोडून आला. तोही तिच्याबरोबर वर जायचा होता, पण आमच्यातल्या एका गृहस्थांना विरळ हवेनं उलट्या सुरू झाल्या आणि त्याला परतावं लागलं. ताई काही नजरेआड जाणार नव्हती. हिमोढ तंबूतून दिसत होता, आभाळ निरभ्र होतं, ऊन लख्ख पडलं होतं. आमच्या दंडकाप्रमाणे याहून सुरक्षित दिवस असूच शकत नव्हता.

ताई माथ्यावर पोचली आणि तिनं तिथून हात हलवला. तिथे ती फार वेळ बसली. जन्मभर जे दुसऱ्यांना दाखवलं ते पहिल्यांदा स्वतः पाहायला मिळाल्यावर कुणी लवकर उठेल का?

दुपार चढत गेली. ऊन इतकं कडक की मी शाल काढून ठेवली. आवाज केव्हा बदलला ते मला नेमकं सांगता येणार नाही. सकाळची खळखळ जाऊन तिची घरघर झाली होती, आणि मग त्या घरघरीखाली तो दुसरा आवाज सुरू झाला. खडी ओतल्यासारखा, पण न संपणारा. मी लंगडत काठावर गेले. सकाळी ज्या दगडावर बसून मी पाय धुतले होते तो दगड नव्हता. पाणी राखाडी झालं होतं, फुगलं होतं, मध्यावर त्याला पाठ आली होती आणि ती पाठ उसळत होती. शौकत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आम्ही दोघांनी एकाच वेळी वर पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता.

तेव्हा आम्हाला कळलं. इथे पाणी ढग धाडत नाहीत, ऊन धाडतं. सकाळपासून त्या साऱ्या शुभ्र उतारांवर जे ऊन आम्ही कौतुकानं पाहत होतो, तेच ऊन थेंबाथेंबानं खाली येऊन आमच्यासमोर गर्जत होतं. उन्हाळ्यात बर्फ वितळतो आणि नद्यांना पाणी मिळतं. उत्तर आम्हाला तोंडपाठ होतं. तो दिवसाच्या कुठल्या प्रहरी वितळतो आणि ते पाणी केव्हा येऊन पोचतं, हे ना कुणी विचारलं होतं, ना कुणी शिकवलं होतं.

ताई उतरून पलीकडच्या काठावर आली. आमच्या दोघींमध्ये आपली गल्ली आडवी चार वेळा मावेल एवढंच अंतर होतं. तिचा चष्मा चमकताना मला दिसत होता. मी हाका मारल्या, पण माझाच आवाज मला ऐकू येईना. शौकतनं दोन्ही हात आडवे हलवून थांबा, थांबा, अशी खूण केली. ताईनं ती पाहिली, मान हलवली, आणि काठाकाठानं वर-खाली फिरत उतरायला जागा शोधू लागली.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. ताई पट्टीची पोहणारी होती. मुठेच्या डोहात मुलगे पोहायला शिकत तेव्हा परकराचा काचा मारून तीही शिकली होती, आणि पाण्याची भीती म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. पण पाण्याखाली काय वाहत होतं ते तिला तिकडून दिसत नव्हतं. ते इकडूनही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. त्या धोंड्यांत सापडल्यावर पोहणाऱ्याचं आणि न पोहणाऱ्याचं एकच होतं. शिवाय तिचा कोट तंबूत होता, ऊन उतरताच तिथे पाणी गोठतं हे तिला माहीत होतं, आणि थंडीत कुडकुडत बसण्यापेक्षा हातपाय मारून पलीकडे जावं असाच विचार तिनं केला असणार. तिनं ओढणी कमरेला घट्ट बांधली. ती गाठ मी लहानपणापासून ओळखते.

शौकतनं दोर आणला, टोकाला दगड बांधून भिरकावला. तो मध्यापर्यंतही गेला नाही. दुसऱ्यांदा भिरकावला तेव्हा पाण्यानं तो असा ओढून नेला की शौकतच्या तळव्याची सालपटं निघाली. त्याचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. तो माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "नलूताई, विमलताई माझं ऐकणार नाहीत. तुम्ही थांबवा त्यांना."

मी थांबवू? जिनं माझं शिक्षण ठरवलं, माझ्या लुगड्यांचे रंग ठरवले, लग्नात माझ्या सासूला चार शब्द सुनावले, तिनं आजवर माझा एक शब्द मानला नव्हता. आणि आता तर शब्दही उरला नव्हता, मध्ये सगळी ती घरघर. मी हात जोडले. पदर पसरावा तशी शाल पसरून दाखवली. ताईनं मला उगी राहा अशी खूण केली, जशी ती वर्गात शेवटच्या बाकाला करत असे, आणि डावं पाऊल पाण्यात टाकलं.

मी माझं पाऊल पाण्यात टाकलं.

ठरवून केलं असं म्हणणार नाही. ते पाणी किती थंड होतं हे सांगायला माझ्याजवळ शब्द नाही. हाडात सुरी घालावी तशी ती थंडी वर चढली. ताई थबकली. तिनं मला मागे हो म्हणून जोरात हात हलवला. मी मागे झाले नाही. तिनं पाऊल मागे घेतलं, तेव्हा मी घेतलं. मग ती थोडी खाली सरकली आणि पुन्हा उतरली, या वेळी पोटऱ्यांपर्यंत, मीही तेवढीच उतरले. काहीतरी माझ्या घोट्यावर येऊन आपटलं आणि मी तोल जाऊन एका हातावर पडले. शौकत धावला.

"मला धरू नकोस," मी म्हणाले.

"नलूताई, हे चाललंय काय तुमचं?"

"तू धरलंस तर तिला वाटेल मी नाटक करतेय. बाजूला हो."

तो बाजूला झाला. ते त्याला किती जड गेलं असेल! मी उठून उभी राहिले, आणि आता ताई माझ्याकडे पाहत होती, नदीकडे नाही. आम्ही दोघी अशा किती वेळ उभ्या होतो? आमच्याकडे काळजी पडली की देव पाण्यात घालून बसतात. मी स्वतःच पाण्यात उभी होते आणि समोरच्या देवीला काही केल्या पाझर फुटत नव्हता. ताईच्या बाबतीत मला आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट पक्की माहीत होती: तिनं पुढचं पाऊल टाकलं असतं तर मीही टाकलं असतं. ते तिला कळावं, एवढंच मला हवं होतं.

ताई वळली, काठावर गेली आणि एका धोंड्यावर माझ्याकडे पाठ करून बसली. ती चिडली होती. तिच्या पाठीवरून मला ते दिसत होतं, आणि त्या पाठीचं मला इतकं प्रेम आलं की मी काठावर येऊन रडले.

मग शौकतनं वरच्या अंगाला नदी अरुंद होती ती जागा गाठली. तिथून त्यानं ताईकडे फेकलेलं पहिलं गाठोडं पाण्यात पडलं आणि डोळ्यांदेखत नाहीसं झालं. दुसरं पोचलं: कोट, घोंगडी, बॅटरी आणि डिंकाचे लाडू. ताईच्या मागे चढावर मेंढपाळांनी रचलेला एक दगडी आडोसा होता, तीन बाजूंनी भिंत आणि वर अर्धंमुर्धं छप्पर. तिथे जा म्हणून आम्ही दोघांनी परोपरीनं खुणा केल्या. ती गेली नाही. कोट चढवून, घोंगडी लपेटून ती त्या उघड्या काठावरच, वाऱ्याच्या तोंडी बसून राहिली. आता मात्र माझा तोल सुटला. एक हट्ट मोडला म्हणून दुसरा धरलाच पाहिजे का? शिखरांवर संध्याकाळचं केशरी ऊन उतरलं होतं, इतकं सुंदर काही मी आधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहण्याचा मला संताप येत होता. पर्वताला आपल्या सुखदुःखाशी काही देणंघेणं नसतं, हे वाचायला बरं वाटतं. तेव्हा ते सहन होत नव्हतं.

त्या रात्रीबद्दल फार लिहिणार नाही. मीही माझ्या काठावरून उठले नाही. अधूनमधून पलीकडे बॅटरी पेटायची, तिचा झोत पाण्यावरून सरकत माझ्यापाशी यायचा, क्षणभर थांबायचा आणि विझायचा. मी ठीक आहे, असं ती सांगतेय अशा समजुतीनं मीही बॅटरी दाखवायचे. मध्यरात्रीनंतर नदीचा आवाज खाली खाली येत गेला. वर कुठेतरी गारठ्यानं सारे झरे गोठवले होते. उजाडलं तेव्हा समोर पुन्हा तोच हिरवट, काचेसारखा ओढा होता, गुडघ्याएवढा, आणि त्याच्याकडे पाहून कुणालाही वाटलं असतं की या बायका उगाच घाबरल्या.

ताई बूट गळ्यात अडकवून, शौकतचा हात धरून अलीकडे आली. कपाळावर आठ्या होत्या. ओठ काळेनिळे पडले होते. ती काठावर बसली आणि मी तिचे पाय मांडीवर घेतले. एरवी तिनं ते करू दिलं नसतं. शौकत चहा आणायला तंबूकडे पळाला.

"तू खरंच उतरली असतीस?" तिनं विचारलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"हो."

"पोहता येत नाही तुला."

"नाही येत."

मग रात्रभर घशाशी साठलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं. आडोसा एवढा जवळ असताना तू वाऱ्यात का बसून राहिलीस, मला छळायचं होतं का, असं बरंच काही मी बोलले. तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

"तिथून तू दिसत नव्हतीस," ती म्हणाली. "माझी वाट पाहून तू पुन्हा पाण्यात शिरशील, याची भीती होती मला. म्हणून सारखी बॅटरी मारून बघत होते."

रात्रभर मी तिची राखण करत होते, अशी माझी समजूत होती. मी तिचे पाय चोळत राहिले, आणि ते काही केल्या लवकर गरम होईनात.